काळ्या कातळाच्या दऱ्यांचे फोटो: अजिंठ्याच्या डोंगरातली दोन दिवसांची पायपीट आणि काही प्रश्न

कडेकपारी

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आम्ही तिघं अजिंठ्याच्या डोंगररांगेत दोन दिवस पायी फिरून आलो. पहिल्या दिवशी जंजाळ्याचं पठार, किल्ला आणि घटोत्कच लेणं. मग गावातल्या एका मामांना वाटाड्या म्हणून घेऊन त्याच डोंगरातल्या एका घळीत उतरलो. मुक्काम मामांच्याच ओसरीवर, दुसऱ्या दिवशी वेताळवाडीचा किल्ला. पाऊस झाला होता, दर वळणाला पाणी कोसळत होतं. मराठवाडा म्हटलं की दुष्काळाचीच चित्रं डोळ्यांपुढे येणाऱ्या माझ्या पुण्याच्या दोन मित्रांना मला हेच दाखवायचं होतं.

घरी आलो, कार्ड संगणकाला लावलं आणि जीव खट्टू झाला. डोळ्यांनी पाहिलेली दरी काळीभोर, ओली, जडशीळ होती. फोटोत ती सिमेंटच्या भिंतीसारखी करडी आली होती. आभाळ पांढरंफटक, धबधबा म्हणजे चुन्याचा ओघळ. चारशेच्या वर फोटो, त्यातले ठेवण्याजोगे सहा. गेले तीन आठवडे मी हे फोटो पुन्हा पुन्हा बघतोय आणि कुठं चुकलं ते शोधतोय. जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण दऱ्यांच्या फोटोंबद्दल जे काही वाचायला मिळतं ते जवळजवळ सगळं अमेरिकेतल्या लाल-नारिंगी वालुकाश्माच्या दऱ्यांवरचं आहे. आपला खडक बेसाल्ट. तो काळा आहे, आणि इथून पुढची सगळी गोष्ट त्या काळेपणाची आहे.

पहिली चूक उजेड मोजण्याची. कॅमेऱ्याला चौकटीतलं सगळं सरासरी मध्यम करडं असावं असं वाटतं. चौकटीत नुसता काळा कातळ भरला की तो बिचारा 'फार अंधार आहे' असं समजून उजेड वाढवतो आणि काळ्याचं करडं करून टाकतो. बर्फात याच्या उलट होतं, तिथे पांढऱ्याचं करडं होतं. म्हणजे बेसाल्टसमोर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, मुद्दाम कमी करायला हवं. माझे सहा बरे फोटो तपासले तर सहाही पाऊण ते एक स्टॉप कमी केलेले निघाले (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). धबधबा चौकटीत असेल तर आणखी थोडं खाली जावं लागतं. पाण्याची पांढरी धार एकदा जळाली की रॉ फाइलमधूनसुद्धा, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीतूनसुद्धा, परत येत नाही, अंधारातला तपशील मात्र बऱ्यापैकी काढता येतो.

दुसरी चूक रुंद लेन्सची. दरीच्या काठावर उभं राहिलं की छाती दडपते, आणि ती सगळी एका चौकटीत कोंबावीशी वाटते. मी १६ मिमी लावून तेच केलं. त्यात समोरचा दगड राक्षसासारखा मोठा आला आणि शंभर-दीडशे फुटांचा कडा शेताच्या बांधाएवढा दिसला. दुसऱ्या दिवशी मित्राची ७०-२०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली. समोरच्या कड्याचा एवढासा तुकडा घेतला: चार आडवे थर, एका फटीत उगवलेलं सालईचं झाड, त्याच्याखाली कातळावरून घरंगळणारं पाणी. तो फोटो बघताना मला खोली जाणवते. झाडाची उंची आपल्या डोक्यात असते, त्यामुळे कडा किती मोठा ते मन आपोआप मोजतं.

तिसरं मला फार उशिरा कळलं. सगळे सांगतात, धबधब्यावर पोलरायझर (लेन्सपुढे बसवून फिरवायची, चमक कापणारी काच) लावा, ओल्या दगडाची चमक जाते, हिरवा रंग खुलतो. हिरव्यासाठी खरंच आहे. पण ओल्या काळ्या कातळावरची ती चमकच त्याचा आकार दाखवते. ढगाळ आभाळाचा उजेड थराच्या प्रत्येक कडेवर चांदीच्या रेघेसारखा बसलेला असतो. पोलरायझर पूर्ण फिरवला की रेघ पुसली जाते, उरतं ते काळं भोक. आता मी तो अर्धाच फिरवतो. पानांवरची चमक जाते, कातळावरची उरते.

आता घळीतली गोष्ट. खाली उतरल्यावर एक डोह लागतो. वरून तीन टप्प्यांत पाणी येतं आणि शेवटच्या टप्प्याखाली कातळात रांजणखळगे, म्हणजे पाण्यानं कोरलेले रांजणासारखे खड्डे, तयार झालेत. मी ट्रायपॉड अगदी पाण्यात रोवला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी नारळाएवढा एक दगड उचलला, पाण्याच्या कडेला, जेमतेम तळ भिजेल असा ठेवला आणि म्हणाले, "दादा, ह्यो दगड अर्धा बुडाला की काढायचं समदं. मंग एक बी फोटू नाही." आमच्या डोक्यावर ऊन होतं. मी मान डोलावली आणि कामाला लागलो. अर्ध्या तासानं मामांनीच हाक मारली. पाहिलं तर पाणी पातळ चहासारखं झालेलं, त्यावर वाळक्या पानांचा आणि काटक्यांचा पुंजका तरंगत आला होता. दगडाचा फक्त माथा दिसत होता. "वरी पठारावर पडतोय," एवढंच म्हणाले आणि माझ्या ट्रायपॉडचे पाय स्वतःच मिटायला लागले. आम्ही चढून कपारीला आलो, बूटही पुरते बांधले नव्हते, आणि खाली जिथे मी गुडघे टेकून बसलो होतो तो सगळा कातळ गढूळ पाण्याखाली गेला. आवाज आधी आला, पाणी नंतर. त्या दिवशी मामा सोबत नसते तर आज हा धागा मी लिहीत नसतो.

आता माझे प्रश्न:

वालुकाश्माच्या दऱ्यांत उन्हातल्या भिंतीचा उजेड सावलीतल्या भिंतीवर पडतो आणि ती आतून पेटल्यासारखी दिसते. काळ्या बेसाल्टमध्ये असं काही होतं का? कुणी पाहिलंय?

या रांगेचा कडा उत्तरेला, खानदेशाकडे तुटतो, त्यामुळे बऱ्याच घळींचं तोंड उत्तरेला आहे. ऊन आत कधी येतं? कोणत्या महिन्यात जावं?

आणि मराठवाड्यातल्या इतर कोणत्या दऱ्यांत तुम्ही कॅमेरा घेऊन फिरलात?

---

माळरान

अतिशय सुंदर धागा. वाचनखूण साठवली. त्या दगडाची युक्ती तर कायमची लक्षात राहील.

माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही, फोनच आहे. फोनवर हे एक्स्पोजर कमी करणं जमतं का? माझ्या फोनमध्ये तर सगळं आपोआप उजळतं आणि घरच्यांना तेच आवडतं.

---

खडकवेडी

कडेकपारी, तुम्ही 'चार आडवे थर' लिहिलंत तिथे मी थांबले. मी भूगोल शिकवते आणि दरवर्षी मुलांना याच डोंगरात घेऊन जाते, म्हणून थोडं त्या थरांबद्दल.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एकेक पूर पसरला, थिजला, वर दुसरा आला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो आणि वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र, म्हणून ठिसूळ. ठिसूळ भाग आधी झिजतो, घट्ट भाग पुढे येऊन उभा राहतो. त्यामुळे आपला कडा सरळ भिंतीसारखा नसतो, पायऱ्यांसारखा असतो. या लाव्ह्याच्या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; त्यातला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे. आपले धबधबे टप्प्याटप्प्यानं पडतात ते याच जिन्यामुळे, आणि लेणी कोरणाऱ्यांनी घट्ट थर निवडला तोही हेच ओळखून.

फोटोच्या दृष्टीनं सांगते: दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटेसारखा लाल पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून, पुढच्या लाव्ह्याखाली भाजून तयार झालेला तो थर. काळ्या दरीतला तोच एक तापलेला रंग. तो ओला असताना, पावसाची सर नुकती थांबल्यावर घ्या. वाळला की फिका पडतो.

आणखी एक. सच्छिद्र खडकाच्या पोकळ्यांत पांढरे, क्वचित हिरवट स्फटिक असतात. जवळून काढायला फार देखणे. पण कृपा करून हातोडी नेऊ नका. एका सहलीत दुसऱ्या गटातला एक मुलगा कडा फोडताना पाहिला होता. ती पोकळी भरायला लाखो वर्षं लागली असतील.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतले तांबडे, पिवळे आणि हिरवे रंग याच भागातल्या माती-दगडांतून काढलेले आहेत. निळा तेवढा लाजवर्द नावाच्या दगडाचा, तो बाहेरून, अफगाणिस्तानाकडून आलेला. मुलांना मी आधी लेण्यांखालच्या वाघूर नदीच्या पात्रातले दगड दाखवते आणि मग लेण्यात नेते. रंग ओळखू आल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

---

दूरदेशी

नोकरीनिमित्त सहा वर्षं ॲरिझोनात होतो, म्हणून पहिल्या प्रश्नावर लिहितो. मूळ जालना जिल्ह्यातला.

तुम्ही म्हणता तो उजेड मी ॲन्टेलोप कॅन्यनमध्ये पाहिलाय. तिथला नवाहो वालुकाश्म फिकट नारिंगी, वाट माणसाच्या दोन हातांएवढी, आणि ऊन वरच्या कडेला लागलं की एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उड्या मारत खाली येतं. प्रत्येक उडीला रंग गडद होत जातो. वर पिवळा, मध्ये केशरी, तळाशी जांभळट. ग्रँड कॅन्यनमध्ये हे इतकं होत नाही, कारण ती दरी फार रुंद आहे. लांबी ४४६ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरच्या वर. तिथेही भर दुपारी काठावरून काढलेले फोटो सपाट येतात. तिथली मजा सकाळ-संध्याकाळी, एकामागे एक उभ्या राहणाऱ्या कड्यांच्या सावल्यांत.

बेसाल्ट हे करणार नाही असं माझं मत. काळा खडक उजेड पितो, परत देत नाही. आपल्याकडे दरीही रुंद आणि झाडांनी भरलेली. तिथला फोटो इथे शोधायला गेलात तर निराश व्हाल.

---

वनवाट

धागा आवडला. दोन गोष्टी जबाबदारीनं सांगायच्या आहेत.

याच रांगेतलं गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासूनचं अभयारण्य आहे, सुमारे २६० चौरस किलोमीटर, संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांत मिळून. पितळखोरा लेणं त्यातच येतं. आत जाताना नाक्यावर नोंद करा, मुक्कामाचं आधी विचारा, आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. लेण्यांच्या जागी ट्रायपॉडलाही पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यात फ्लॅश तर अजिबात नाही.

दुसरी गोष्ट आग्यामोहोळाची. या रांगेतल्या प्रत्येक मोठ्या कड्याला पोळी असतात, सुपाएवढी, काळपट. लांबून ओल्या दगडाच्या डागासारखी दिसतात. पाच वर्षांपूर्वी पितळखोऱ्याला आम्ही पायऱ्या उतरत होतो, खाली एका टोळक्यानं चुलीसाठी पाला पेटवला होता. धूर कड्याला लागला. आधी एक घुमणारा आवाज आला, मग समोरची हवाच काळी झाली. माझ्या पुतण्याला सत्तावीस काटे निघाले. तो वाचला तो एवढ्यासाठीच की आम्ही हात न झाडता, अंगावर जाकिटं ओढून, थेट पायऱ्यांनी वर पळालो. एक माशी चावली की तिच्या काट्याच्या वासानं बाकीच्या त्याच माणसावर येतात, म्हणून थांबायचं नाही. सुरक्षित जागी पोचलं की काटा जितक्या लवकर निघेल तितका बरा. नखानं किंवा एखाद्या कार्डानं खरवडून काढला तरी चालतो. अत्तर, डिओ लावून दरीत जाऊ नका. कड्याकडे लेन्स रोखण्याआधी तो नीट न्याहाळा, आणि पोळं दिसलं तर खालून हळू आवाजात निघून या. कितीही चांगला कोन असला तरी.

---

बालाघाटी

आमच्या बीडकडंही या की राव! सगळे अजिंठ्याच्याच डोंगरात जातात, बालाघाटाला कुणी विचारत नाही.

पाटोदा तालुक्यातलं सौताडा. विंचरणा नदी पठारावरून एकदम खाली उडी घेते आणि दरीच्या तळाला रामेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की देऊळ, माणसं, वरून पडणारं पाणी, सगळं एका नजरेत बसतं. श्रावणात सोमवारी गर्दी मायंदाळ असते, पण मी तर म्हणतो गर्दीतच फोटो काढा. लाल-हिरव्या लुगड्यातल्या बाया पायरीनं उतरतात, मागं काळा कडा. तुमच्या त्या सालईच्या झाडाचं काम इथं माणूस करतो, कड्याची उंची त्याच्यावरून कळते.

कपिलधारचा धबधबा दुसरा, मन्मथस्वामींच्या समाधीजवळ. तिकडं नांदेडच्या बाजूला पैनगंगेचा सहस्रकुंड. तिथं पाणी सुटलं की कातळावर एक धार नाही, पन्नास धारा.

माळरान, फोनवर जमतं. स्क्रीनवर कड्याच्या जागी बोट दाबून धरा, कुलूप लागतं. मग बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा. कडा काळा दिसेपर्यंत ओढा. घरच्यांना एकदा असा फोटो मोठा करून दाखवा, त्यांचं मत बदलंल.

---

माळरान

बालाघाटी, केलं! घरामागच्या विहिरीच्या दगडांवर करून पाहिलं, फरक लगेच दिसला. पण एक शंका आहे. सावलीतलं सगळं उघडून दाखवणारे फोटो लोकांना आवडतात, त्यात कपारीतलं शेवाळसुद्धा दिसतं. ते चुकीचं का मानायचं? बघणाऱ्याला जास्त दिसलं तर चांगलंच ना?

---

कडेकपारी

माळरान, प्रश्न रास्त आहे, पण मी मनापासून असहमत आहे. मी त्या घळीत उभा होतो तेव्हा कपारीत मला काही दिसत नव्हतं. ते न दिसणं हाच तिथला अनुभव होता. अंधाऱ्या कपारीतून थंड हवा येत होती, पाण्याचा आवाज येत होता, आणि डोळा आपोआप उजेडातल्या धारेकडे वळत होता. सगळ्या सावल्या उघडल्या की डोळ्याला कुठे जायचं तेच कळत नाही. काळा कडा काळाच राहू द्यावा. त्यात थोडी चमक, एखादी रेघ राहील एवढं बघावं. दरी समोर आली की आधी मी तिच्यात अंधार कुठे आहे ते बघतो, फोटो तिथून सुरू करतो.

वनवाट, तुमचा मजकूर वाचून अंगावर काटा आला. आम्ही ज्या कड्याखाली जेवलो तिथे 'ओला डाग' होता. आज फोटो मोठा करून पाहिला. ते पोळंच आहे.

खडकवेडी ताई, लाल पट्टा सापडला! माझ्या एका टाकून दिलेल्या फोटोत आहे, मी त्याला मातीचा घसारा समजलो होतो.

---

खडकवेडी

सावल्यांच्या वादात मी दोन्हीकडे आहे. वर्गात दाखवायला मला थर स्पष्ट दिसणारा फोटो लागतो, त्यासाठी मी उजळ करते आणि त्याची लाज वाटत नाही. पण माझ्या घराच्या भिंतीवर लावलेला फोटो काळाच आहे.

आता उन्हाचं. कन्नड ते सोयगाव हा पट्टा साधारण २०.३ ते २०.६ उत्तर अक्षांशावर येतो. म्हणजे सूर्य मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी नेमका डोक्यावर येतो. मधले दोन महिने तो माध्यान्हीला किंचित उत्तरेला असतो. उत्तरेला तोंड असलेल्या घळीच्या माथ्याच्या कड्यावर भर दुपारी थेट ऊन पडायचे हेच दिवस, आणि त्यातला अर्धा काळ आभाळ भरलेलं. डिसेंबरात सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेला साधारण ४६ अंशांपर्यंतच चढतो. कडा त्याहून उभा असेल तर तो दिवसभर स्वतःच्या सावलीत राहतो.

याच डोंगराच्या खानदेशाकडच्या पायथ्याला, पाटणादेवीला, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. आपण उन्हा-सावलीचं गणित मांडतोय ते योग्य डोंगरात मांडतोय, याचा मला फार आनंद होतो.

तेव्हा माझा सल्ला: हिरवं आणि पाणी हवं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, ढगाळ दिवस. डोंगराची हाडं बघायची असतील तर मार्च-एप्रिल. सागाची पानं गळलेली असतात, पळस फुललेला असतो, एकेक थर मोजता येतो. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली ती २८ एप्रिल १८१९ ला, भर उन्हाळ्यात. समोरच्या टेकाडावरच्या व्ह्यू पॉइंटवर एकदा एप्रिलात उभे राहा. पावसाळ्यात तिथे नजर सात कुंडांच्या धबधब्याकडेच जाते. कोरड्या दिवसांत मात्र वाघूरनं घोड्याच्या नालेसारखा कापलेला सबंध ७६ मीटरचा कडा आणि त्यातली लेण्यांची ओळ सलग वाचता येते. फक्त सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा.

---

दूरदेशी

ताई, हे डिसेंबरचं गणित वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. दिवसभर सावलीत राहणारा काळा कडा, त्यात काय फोटो मिळणार?

---

कडेकपारी

दूरदेशी दादा, तुमचं खरं असेलही. पण डिसेंबरात रजा आहे. मामांना फोन केला, म्हणाले, "या की. आता पाणी नाही, निवांत बसा." जाऊन बघतो आणि इथेच लिहितो.

---

कडेकपारी

जाऊन आलो. लांबलं त्याबद्दल क्षमस्व.

या वेळी ठरवलं होतं की हिंडायचं नाही. सकाळी आठला त्याच डोहापाशी उतरलो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. धार आटून नुसती ठिबकत होती. मामांनी सवयीनं दगड ठेवला, मग हसून उचलला.

ताईंचं गणित तंतोतंत. माथ्याच्या कड्यावर दिवसभरात एक कवडसा पडला नाही. दुपारी बारापर्यंत मी जे फोटो काढले ते सगळे मेलेले. काळं आहे, पण त्यात काही नाही. कोरडा खडक, चमकही नाही. मी मनातल्या मनात दूरदेशी दादांना पत्र लिहीत होतो की तुम्ही बरोबर होता.

तीनच्या सुमारास सूर्य नैर्ऋत्येला कलला आणि पूर्वेकडच्या बाजूचा वरचा उतार उन्हात आला. तिथे कातळ नाहीच, कमरेएवढं वाळलेलं गवत आहे, पिकल्या गव्हासारखं. पावणेचारला तो सगळा उतार पेटला. आणि मी पाठ करून डबा उघडत होतो तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर तांबूस उजेड दिसला. सावलीत बसले होते ते! वळून पश्चिमेचा कडा पाहिला. सकाळी कोळशासारखा असलेला कातळ तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा झाला होता. थरांच्या खालच्या बाजू काळ्याच, पण पुढे आलेल्या प्रत्येक कडेला मंद तांबूस कड. उजेड दगडानं दिलेला नव्हता, समोरच्या गवतानं दिला होता.

वीस मिनिटं टिकलं. ट्रायपॉडवर एफ ८, १/१५ सेकंद, आयएसओ १००, एक स्टॉप आणि एक तृतीयांश कमी करून. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची जुळवणी, 'सूर्यप्रकाशा'वर कुलूप लावून ठेवला होता म्हणून वाचलो. आपोआपवर ठेवलेल्या पहिल्या तीन फोटोंत कॅमेऱ्यानं तो तांबूसपणा धुवून टाकला होता. ७०-२०० नं कड्याचा तुकडा घेतला, आणि खालच्या कोपऱ्यात मामा, पाठमोरे, डोक्याला उपरणं.

---

दूरदेशी

फोटो पाहिला. मोठा करून दोनदा पाहिला. माझं मत मागे घेतो. भिंत भिंतीला उजेड देते एवढंच मला ठाऊक होतं, समोर गवतही असू शकतं हे डोक्यात आलं नव्हतं. फेब्रुवारीत गावी येतोय. तेव्हा ते गवत उभं असेल का?

---

कडेकपारी

मामांना विचारलं. ते म्हणतात संक्रांतीनंतर कापणी सुरू होते, तो उतार गावाच्या गुरांचा आहे. फेब्रुवारीपर्यंत निम्माच राहील, पण वरच्या अंगाचं शेवटी कापतात. तुम्ही पहिल्या आठवड्यात येत असाल तर मी संभाजीनगरहून गाडी काढतो. डबा घरूनच आणा, खाली चूल पेटवायची नाही.